चालू खिडकी

तळोधीच्या रस्त्याला लागून राईस मिल.
काट्यावर धानाची चौथी ट्रॉली,
मागं पाच उभ्या, आणि पावती निघत नाही.
डोमाजीबापू काचेवर बोट ठेवून विचारतात,
"अवो रेवता, मशीन काय शोधून रायली?"

जुना प्रिंटर शोधतेय.
तो दिवाळीत भंगारात गेला,
पत्ता अजून हिच्या डोक्यात.

मी चार ओळी लिहिते. काळी खिडकी उघडते.
पत्ता बदल, म्हणते. बदलते.
पुन्हा विचारते. नवाच सांगते.
एक पावतीही निघते, कोंड्याच्या धुळीत गरम.
बापू टाळी वाजवतात. मी खिडकी मिटते,
आणि मशीन परत भंगारवाल्याच्या दारात.

"आत्ता तं केलं होतं!"

केलं होतं बापू, त्या खिडकीपुरतं.
लेकराला निघताना घरच्या यादीची नक्कल मिळते.
त्यानं तीत खाडाखोड करावी, नवं नाव घालावं,
ते संपलं की नक्कलही संपते.
मूळ यादी खुंटीवर तशीच.

बापू बंडीवरचा कोंडा झटकत राहतात.

नागपूरच्या कोर्सात दोन वर्षं
मी 'मले'चं 'मला' केलं होतं.
वर्गात, खानावळीत, मुलाखतीच्या फोनवर
कुठं अडलं नाही.
शनिवारी नागभीडला उतरले
की फाट्यावरच पुसलं जायचं,
आणि दारात आई: "तुले भूक लागली असन."
तिच्यापर्यंत माझ्या बदलाचं एक अक्षर पोचलं नाही.
पोचावं असं वाटत होतं का,
ते मला अजून सांगता येत नाही.

कायमचं बदलायची आज्ञा वेगळी.
ती मुळात जाऊन लिहिते,
पण वाट लांब असली तर
एक हजार चोविसाव्या अक्षरावर शेपूट तोडते,
एक ओळ पुटपुटून, जी कोणी वाचत नाही.
मागच्या हंगामात मीही वाचली नव्हती.
अर्धी मिल आंधळी झाली होती.
म्हणून आज आधी सगळी जुनी वाट
रद्द पावतीच्या पाठीवर पेनानं उतरवली,
प्रत्येक तिरपी रेघ, प्रत्येक अर्धविराम.

मग आज्ञा. जमलं, म्हणाली.
पावती? नाही.

वजनाची खिडकी सकाळी सातपासून उघडी आहे.
उघडताना जे घेतलं तेवढंच तिला माहीत.
नवं कळतं नंतर उघडणाऱ्यांना.

"बंद करा लागते बापू."
"ट्रॉल्या उभ्या हायेत वो."
"करा लागते."

ते बाहेर जाऊन ड्रायव्हरांना काही सांगतात.
एकेक इंजिन बंद होतं.
पडदा काळा. रातकिडे.
काचेत माझं तोंड, कपाळावर कोंडा.

मग पावती निघाली. वजन बरोबर.
गावाचं नाव मात्र अजून चुकीचं छापते,
ऱ्हस्व-दीर्घाची गडबड.
ते उद्या.