निदान

ग्रिम्सबीत बुधवारी माशांचा वास जरा जास्तच येतो,
की मलाच तो बुधवारी आठवतो, कोण जाणे.
मिसेस ब्लँचर्ड यांच्या मागच्या खोलीत
कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं घेतो
आणि मी ताशी पंचवीस पौंडांचा माणूस.

इंद्रजित त्यांच्या जिभेवर ठरत नाही, म्हणून मी इंडी.
इंडीने खिडकी उघडली, वरच्या गोलातला ठिपका
खालच्या गोलात नेला: डायग्नोस्टिक.
म्हणजे लागेल तेवढंच.
यंत्र उठलं ते मुकं, बिनरंगाचं,
छपाई नाही, आवाज नाही, बाहेरच्या जगाशी बोलणं नाही.
उठलं मात्र चटकन.

आमच्या भाषेत याला निदान म्हणतात.
आणि निदान म्हणजे कमीत कमीसुद्धा.
निदान दोन घास खा. निदान फोन तरी करत जा.
आई हे निदान वापरायची, डॉक्टर ते दुसरं,
शेवटच्या आठवड्यात फोनवर
मला दोघांतला फरक कळेनासा झाला.
त्यानंतरचं वर्षभर मी असाच चालत होतो:
व्हॅन, बिलं, पाव, झोप.
लोक म्हणत, किती लवकर सावरलास.

डोरीनबाईंना यातलं काही सांगितलं नाही.
अर्ध्या सेवा चालू, अर्ध्या बंद, पुन्हा सुरू.
मग त्या अर्ध्यांतल्या अर्ध्या.
सातव्या खेपेला खडा दाताखाली आला:
भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा
एक जुनापुराणा प्रोग्राम.
रोज सकाळी तो एका पत्त्यावर विचारायला जातो,
त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही,
दारात तीन मिनिटं उभा राहतो,
मग परत येऊन म्हणतो,
उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न करू?

"सापडला," मी म्हणालो. "हा बंद केला की एका मिनिटात काम."
त्या चष्मा शोधत होत्या. चष्मा डोक्यावर.
"तो नॉर्मनचा आहे."
नॉर्मन चौतीस वर्षं गोदीच्या दारांवर कामाला.
आतलं पाणी, बाहेरचं पाणी एका पातळीला आलं
की दारं उघडायची. त्याआधी नाही.
निवृत्त झाल्यावरही भरती कधी ते बघितल्याखेरीज
चहाला हात लावायचा नाही.

"पण आता तो काहीच दाखवत नाही."
"विचारतो ना, पुन्हा प्रयत्न करू का म्हणून.
मी नको म्हणते. कधी कधी हो म्हणते.
तोवर किटली होते."

मी वाद घातला नाही.
खरं तर घातला, थोडासा,
कारण पैसे घेऊन बिघाड पुन्हा जागेवर ठेवणं
धंद्याला बरं दिसत नाही.
त्या म्हणाल्या, होतं तसं सगळं लाव.

खिडकी पुन्हा उघडली.
त्यांनी पहिल्या ओळीवर बोट टेकवलं
आणि वाचलं, "नॉर्मन स्टार्टअप."
एका अक्षराची चूक. चष्मा अजून डोक्यावरच.
मी गोलात ठिपका दिला.
लागू करा. ठीक आहे. पुन्हा सुरू करा.

पडदा काळा झाला. पंखा घरघरला.
रंग परत आले, प्रिंटरने घसा खाकरला,
स्पीकरमधून अर्धवट एक सूर निघाला
आणि मग काही नाही, बराच वेळ काही नाही.
मी सवयीने सेकंद मोजत होतो,
आतून नळाचा आवाज आला,
दोघांपुरत्या पाण्याचा.

चौथ्या मिनिटाला तो चौकोन उगवला.
"आज तू दाब," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या,
"तुला वाटेल ते."

तास भरायला सहा मिनिटं होती.
माझं बोट माऊसवर,
बाहेर खाडीचं पाणी
चढत होतं की उतरत होतं, कुणास ठाऊक.