हळदीची बशी

आमच्याकडे देवक बशीत ठेवत.
चिनी मातीची, पसरट, काठाला निळी वेल,
मधोमध ढाल, ढालीवर लोखंडी टोप,
आणि ढालीत मागच्या पायांवर उभा सिंह,
ज्याला अख्खं गव्हाण कुत्रा म्हणायचं.
"ह्यो आमचा मोत्या," म्हणत पदूआत्या
हळदीचं पहिलं बोट त्याच्या नाकाला लावायची,
मग नवरीच्या कपाळाला.

अशा दोन होत्या.
पोशाआजाच्या जाळ्यात आलेल्या, न्हाव्याच्या बाहेर,
बंदर व्हायच्या खूप आधी.
जिताड्याचं वजन वाटून ओढलं,
तर चिखलाने भरलेल्या या दोघी,
एकीच्या पाठीला कालवं चिकटलेली.
राखेनं घासल्यावर सोनेरी रंग थोडा गेला.
हळद मात्र कधी गेली नाही.
चाळीस लग्नांची हळद
झिलईच्या केसाएवढ्या भेगांत शिरून बसली.

वाशीचे दुबाश जुन्या वस्तू घेतात.
त्यांनी बशी पालथी केली, काठावर नख वाजवलं,
आवाज संपेपर्यंत थांबले.
मग सांगितलं: अडीचशे वर्षांची तरी असेल.
विलायतेतल्या कुठल्याशा घराण्यानं
आपल्या कुळाची ढाल कागदावर काढून
गलबतातून कँटनला धाडली.
तिथल्या कारागिरानं सिंह पाहिला नव्हता,
ते घराणं तर नाहीच.
कागदावर होतं ते त्यानं उतरवलं, रेघ न् रेघ.
खालच्या फितीत त्यांचं बोधवाक्य,
त्यातलं एक अक्षर उलटं पडलंय.
"चूक आहे," दुबाश म्हणाले, अगदी खुशीत,
"म्हणून तर दीडपट किंमत."

मला हसू आलं, आणि ते थांबेना.
माझ्या पिशवीत तेव्हा सातबारा होता.
मढवीचं मडवी.
कुणा तलाठ्यानं घाईत लिहिलं,
पुढच्यानं त्यावरून उतरवलं, रेघ न् रेघ,
आजा पाहिला नव्हता, शेत तर नाहीच.
खाजण गेलं, मिठागर गेलं,
साडेबारा टक्क्यांच्या यादीत नाव लागलं
ते मडवीचं.
शाळेचा दाखला, मतदारयादी, प्रतिज्ञापत्र,
पुन्हा प्रतिज्ञापत्र, कारण पहिल्यात माढवी,
बेलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीशी
सात वर्षं मी सिद्ध करत होतो
की पोशा तो पोशाच.
आमच्या चुकीला कुणी दीडपट देत नव्हतं.

एक बशी दिली. कालवांच्या वणाची ठेवली.
पैसे वकिलाकडे गेले, एजंटाकडे गेले,
एका साहेबाच्या मुलाच्या बारशालाही थोडे गेले,
आणि एका मंगळवारी कागदावर ढ परत आला.
आत्यानं चष्मा लावून तो बोटानं चाचपला.
"ढालीतला ढ," म्हणाली,
"ढाल देऊनशी आनलास."

आता उलव्याला चौथ्या मजल्यावर राहतो.
गॅलरीतून बंदराच्या क्रेन दिसतात,
कंटेनर उतरत असतात, चीनहून आलेले,
त्यातल्या कपबश्यांवर कुणाचीच ढाल नसते.
दर्शिकाच्या हळदीला खाली डीजे,
वर आत्याच्या मांडीत ती एकटी बशी,
मोत्याचं नाक पिवळंधमक.

परवा दुबाशांचा फोन आला.
बशी जिथं गेली तिथल्या माणसाचं आडनावच
त्या ढालीचं निघालं म्हणे.
म्हातारा आहे, एकटाच असतो,
बशी भिंतीवर लावलीय.
त्याला एवढंच विचारायचंय
की तो पिवळा डाग कशानं निघेल.

मी आत्याला विचारलं.
ती बोंबलांचं पोट साफ करत होती, हात थांबला नाही.
"डाग?" म्हणाली. "चाळीस नवऱ्या हायत त्यात.
नाय निघत म्हनून सांग.
आन् त्याला विचार, जेवतो का नीट."

हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला येत नाही.
दुबाशांना म्हटलं, कळवतो.
अजून कळवलेलं नाही.