सतरा किलोमीटर

ऑफिस कॅनडा कॉर्नरला, तिसरा मजला.
नव्या क्लायंटला पत्ता सांगितला की तो हमखास विचारतो,
टोरांटो का?
नाही हो, शरणपूर रोड.

माझ्याकडे फिनलंड आहे.
म्हणजे फिनलंडातल्या गाद्या.
दिवसाचं बजेट नऊशे युरो,
वय पस्तीस ते चौसष्ट,
आवड: घर, सजावट, पाठदुखी,
आणि एक खूण मी स्वतः शोधून काढलेली,
रात्री अकरानंतरही मोबाइल हातात असलेले लोक.
झोप न येणाऱ्यांना झोप विकायची.
हर्षला म्हणते, याच्यावर तुझी बढती पक्की.
ती ब्राझील सांभाळते,
तिच्या जांभया वेगळ्या वेळेला.

डिसेंबरात त्यांचे अकरा म्हणजे आपले अडीच.
निफाडला पारा पाचावर गेलेला,
मी एकटी, पायाशी हीटर,
स्क्रीनवर तीन जाहिरातींची शर्यत:
एकीत नवराबायको,
एकीत नवराबायको आणि कुत्रा,
एकीत नुसती पांढरी चादर.
कुत्रा जिंकत होता,
एका क्लिकला एकोणीस सेंट.

तेवढ्यात कुत्र्याखाली कमेंट आली.
मला फिनिश येत नाही. मशीननं उलथून दिलं ते असं:
मार्टी सप्टेंबरमध्ये गेला.
तेव्हापासून तुम्ही मला रोज रात्री डबल बेड दाखवता.
मी अजून डाव्या कडेलाच झोपते.
कृपा करून थांबाल का?
नावाखाली गाव होतं, कायानी.

नियम असा की नाराज कमेंट दोन मिनिटांत लपवायची.
लपवली.
लपवली म्हणजे जगाला दिसत नाही,
लिहिणारीला मात्र दिसत राहते.
तिला वाटतं, आपण बोललो.

एका माणसाला वगळायची सोय नाही.
आमच्याकडे माणूस हजारापासून सुरू होतो.

खाली उतरले. वॉचमन पुंजारामआप्पा
द्राक्षांची फुटकी खोकी जाळत शेकत बसलेले.
"ताई, रात्रभर विकता तरी काय?"
"गाद्या, आप्पा."
हसले. मग म्हणाले,
"आमच्या पिंपळगावात पिंजारी यायचा, गुलाबभाई.
धनुकलीची तार वाजवत गल्लीतून जायचा,
चार घरं आधी कळायचं.
पण दारात सुतक असलं
की तार मुठीत धरून पुढं निघायचा.
कोण सांगत असंल त्याला, देव जाणे."
आणि आणखी एक खोकं मोडून आगीत सारलं.

वर आले. नकाशा उघडला.
कायानीवर टाचणी ठेवली, म्हटलं, वगळ.
वर्तुळ आवळत गेले, चाळीस, तीस, वीस,
सतरा किलोमीटरच्या आत ते येईना.
सतरा म्हणजे इथून जवळजवळ भगूर.
एका बाईसाठी अख्खं गाव,
त्याचं तळं, बर्फाखालची शेतं,
छत्तीस हजार माणसं,
त्यातली कितीतरी खरोखर पाठीनं बेजार असतील,
सगळी माझ्या एका बोटानं गादीवाचून.

सकाळी लंडनहून ओवेनचा निरोप:
कायानी बंद का?
लिहिलं, टेस्ट.
कसली?
सुतकाला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना.
लिहिलं, ऑडियन्स क्वालिटी.
त्यानं अंगठा पाठवला.

आता रोज दुपारी यंत्रणा पिवळी पट्टी दाखवते:
तुम्ही छत्तीस हजार संभाव्य ग्राहक गमावत आहात.
पुन्हा जोडायचे?
'नाही' असं बटणच नाही तिथे.
'हो' आहे,
आणि 'नंतर आठवण करा'.

डबा संपवते, हात धुते,
ओल्याच बोटानं दुसरं दाबते.