बेरीज

भुसावळ, रेल्वेचं मैदान, रात्रीचे साडेनऊ.
एकाहत्तर–अठ्ठ्याहत्तर. आपण हरलो.

फिरके : गुण एकोणीस, फाउल चार,
फ्री थ्रो नऊपैकी तीन,
तेही रिंगवर घुटमळून पडलेले.
भारंबे : रिबाउंड दहा.

त्या दहातला एक फिरकेचा.
मालगाडी गेली, दिवे थरथरले,
घामानं चिकटलेल्या पाठीवरचा सतरा
मला अकरा दिसला.

नंतर फिरके आला, गुडघ्याला बर्फ बांधून.
कागदावर त्याचं बोट
बरोबर त्याच रकान्यात थांबलं.
मी खोडरबर शोधू लागलो.

"राहू द्या ना भो.
दोन आकडी झाला तो, पहिल्यांदाच.
त्याच्या बापाले पेपरात दिसू द्या."

खाली टीमचे रिबाउंड : एकेचाळीस.
ते आधीही एकेचाळीसच होते.

पेन्सिल कानामागे खोचली.
सही पेनानं केली.