पिन आत गेली की

पिन आत गेली की घर गप्प.
लॅपटॉपच्या कडेला मुगाएवढं भोक,
त्यात हेडफोनची पिन टच्च बसली
की रोहिदास एकट्या बाबांचा.
पिन उपसली की एकट्या आईचा.

बाबांचे कान खाणीवर राहिले,
तेवीस वर्षं, क्रशरच्या पायथ्याशी.
खाण बंद झाली, मशीन भंगारात गेलं,
बाबांच्या डोक्यात मात्र त्याची रात्रपाळी चालूच.
म्हणून हेडफोन, आवाज शंभरावर.

रविवारी दुपारी तीनला फोन.
जहाज कुठल्यातरी बंदराला लागलेलं,
रोहिदासच्या पाठीमागे लाँड्रीची यंत्रं
आणि दुसऱ्यांच्या चादरींचे ढीग.
आई त्याचे हलते ओठ बघते,
बाबांना कोपराने ढोसते:
“कितें म्हण्टा रे तो?”
“जेवलो म्हण्टा.”
दहा मिनिटं बोललेला असतो तो.

कधी आईची पाळी.
मग बाबा कानामागे हात धरून बसतात
आणि ती ओरडते, “बरो आसा म्हण्टा!”
गावसांच्या अंगणात सुपारी सोलणारे
मान वर करून पुन्हा सोलायला लागतात.
मला दोन्ही वेळा माहीत असायचं
काय काय गाळलं गेलंय.
खोकला. सुपरवायझर. पाठवता न आलेले पैसे.

शेवटी मी डिचोलीला गेले,
मार्केटमागच्या आग्नेलच्या दुकानात.
त्याने सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली
आणि समजावलं, कुळागरात असल्यासारखं:
“पाणी एक, पाट दोन.
पिन गेली की एका पाटाला आपसूक बांध पडतो.
दोन्ही हवे असतील तर पाणी बाहेरून काढायचं.”
करंगळीएवढा यूएसबीचा तुकडा दिला,
दोनशे ऐंशी रुपये, वॉरंटी नाही.

रात्री सगळे निजल्यावर सेटिंग्ज उघडल्या.
कुठे टिचकी, कुठे परत मागे,
मध्येच सगळाच आवाज नाहीसा, मला घाम.
साडेबाराला जमलं.
गेल्या चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं:
घुमट स्पीकरवर वाजला
आणि अर्ध्या श्वासाने हेडफोनमध्ये.
तेवढं मागेपुढे राहिलंच.
म्हटलं, कोणाला कळणार आहे.

रविवार. दोघे एका बाकावर.
बाबा हेडफोन घालून, आई नुसती,
रोहिदास दोघांचाही.
त्याने आधी पावसाचं विचारलं, मग म्हशीचं,
तिला वासरू झाल्याचं ऐकून हसला.
आधी आई हसली, मग बाबा.
त्या हसण्याच्या मधल्या फटीत
मी जराशी मिरवून घेतलं.

मग तो म्हणाला, कंत्राट वाढवलंय.
या चवथीला जमणार नाही.
पुढच्याचंही बघू.

आईला आधी ऐकू आलं.
बाबा तिच्याकडेच बघत होते,
ती हसेल तेव्हा हसायचं म्हणून.
तिच्या चेहऱ्यावर त्यांनी ते वाचलं,
आणि मग त्यांच्या कानात ते शब्द आले,
शंभर टक्के आवाजात,
एकही न गाळता.

खूप वेळ कोणी काही बोललं नाही.
रोहिदास तिकडून हॅलो हॅलो करत होता,
स्क्रीन अडकली की काय असं त्याला वाटलं.

बाबांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला.
त्यातून तो बारीक बोलत राहिला,
बाटलीत माशी असावी तसा.
स्पीकरवर आईने बोट दाबून धरलं होतं,
जणू आवाज बोटाने थांबतो.

“म्हाका आयकूंक आयलें ना,” बाबा म्हणाले.
“कितें म्हण्टा?”

आईने पदराने स्क्रीन पुसली.
“जेवलो म्हण्टा.”

ओरडली नाही ती.
हळूच म्हणाली, आणि बाबांनी मान हलवली.