ढिबरी

खोका उघडला तर आत गाडी नव्हती,
गाडीचे नातेवाईक होते:
दोन चाकं, एक आस, पत्र्याचं मोठं तसराळं,
मानेत वाकलेला दांडा,
आणि पिशवीत अठ्ठावीस बोल्ट, एकमेकांशी न बोलणारे.

कागद हिंदीत, खाली बारीक इंग्रजी.
राजेंद्रनगरात त्याचं कुणाला काही वाटत नाही,
भाजीवाल्याशी एक भाषा, देवाशी एक, हे जन्मापासूनचं.
मी वाचलं, "चरण एक."
दत्तूभावजी म्हणाले, "कुणाचे? नमस्कार करतो."

सत्तावीस वर्षं मिलच्या साचेखात्यात फिटर.
मिल बंद पडल्यापासून पाना फक्त
नळाच्या गळतीपुरता.
आज धोतराच्या फडक्यानं पुसून
त्यांनी तो ओट्यावर ठेवला, आणि मला म्हणाले,
"हात नाही लावायचा त्याला. आधी नुसत्या बोटांनी.
सगळे आपापल्या भोकात बसू देत,
मग आवळू."

मी कुठली ऐकते.
चौथा घाईत आवळला
आणि पाचव्याचं भोक चंद्रकोरीएवढं उरलं.
काही बोलले नाहीत.
चौथा सैल केला, तसराळं गुडघ्यानं जरा ढकललं,
पाचवा आत गेला, जसा जावई जेवायला बसतो.

चाकं चढली. वॉशर, मग पिन,
पिनेचे दोन पाय दोन दिशांना फाकवले.
"ही विसरलीस तर चाक तुझ्याआधी घरी येईल."
हवा तीस लिहिली होती.
शेजारच्या पंपाचा काटा कंजूष, दोन कमीच सांगतो,
म्हणून अठ्ठावीसवर थांबलो.

सगळं झालं.
गाडी उभी, लाल, नव्या नवरीसारखी अवघडलेली,
आणि माझ्या तळहातावर
एक ढिबरी.

"जास्तीची दिली असेल," मी म्हटलं.
"कंपनी कुणाला जास्तीचं देत नाही, वहिनी."
गाडी उलटी केली. बॅटरी आणली.
अर्धा तास गेला, चहा निवला,
मग सापडला: माल ओतायच्या कडीचा बोल्ट,
नुसताच उभा, बिनढिबरीचा,
पहिल्या उताराची वाट बघत.

दुपारी गेंदालाल आला, बागेचा माळी,
गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरसकट.
दांड्याची मूठ काढली, खिट्टी सरकवली,
हातगाडीची झाली मागची गाडी.
त्यानं खत भरलं ते सगळं मागच्या टोकाला;
दांडा टुणकन उठला, भावजींच्या हनुवटीशी येऊन थांबला.
"आसाच्या जरा पुढे, भैया," ते म्हणाले,
"पर सब आगे भी नहीं."
मालाचं वजन सांगताना त्यांची हिंदी
एकदम शुद्ध होते, का ते देव जाणे.

कागदावर मुलाचं चित्र होतं, त्यावर लाल फुली.
पण गुनगुन आधीच बसली होती खतावर,
फ्रॉक सावरून, महाराणीच्या थाटात.
उतरवली. रडली.
तिची बाहुली बसवली, ती चालते का
याबद्दल कागद गप्प होता.
गेंदालालनं चालत्या माणसाच्या पावलानं चालवली,
गुनगुन शेजारून, चेहरा फुगवून.

संध्याकाळी मूठ परत लावून मीच ओढली.
काळी माती चाकाला चिकटली की
गाडी हट्टी म्हशीसारखी होते.
टाकीपासच्या उतारावर मी वरच्या अंगाला राहिले,
गाडी खाली, दांडा दोन्ही हातांत.
कुणी सांगितलं नव्हतं; हाताला कळलं.

कागदाची शेवटची ओळ मात्र वाचायची राहूनच गेली:
पहिल्या वापरानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.
रात्री अंथरुणात आठवली,
म्हटलं, उद्या सांगू.

सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं,
ओला-सुका डबा घेऊन मागच्या दारानं निघाले तर
ओट्यावर गाडी उलटी,
भावजी उकिडवे, तोंडात बिनपेटलेली विडी,
मान वर न करता म्हणाले,
"बोलू नकोस. बाविसावा चालू आहे."