घरघर

'खर्ज'चं ऑफिस लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
खाली सोराब दुबाशचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान,
त्यामुळे आमच्या फरशीतूनच बास यायचा,
शाईची दौत थरथरायची.
संपादकांचं आडनाव गुपचुप.
यशोधन गुपचुप. खरंच.
आवाजाचं मासिक काढणारा हा माणूस
त्या विनोदावर एकदाही हसला नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मी प्रूफं तपासायला लागलो.
एका पानावर मारव्याचा कोमल रिषभ,
समोरच्या पानावर अँप्लिफायरची सर्किट,
दोन्हींतल्या चुका मला सारख्याच कळायच्या,
म्हणजे कळायच्या नाहीत.
पुढे वाचकांची पत्रं माझ्याकडे आली.
सदराचं नाव 'घरघर'.
इचलकरंजी, अंबाजोगाई, माहीमचा कोळीवाडा,
हस्ताक्षरं निराळी, दुखणं एकच :
गाणं थांबलं की मागे काहीतरी घुरघुरतं.
मी लिहायचो, अर्थिंग तपासा. वायर आखूड करा.
फ्रिजपासून लांब ठेवा.
एका बाईंचं उलट टपाली कार्ड :
फ्रिज नाही. सासरे आहेत.

गुपचुपांकडे चाचणीची टेप एकच.
चार मिनिटं नुसता तंबोरा जुळवणं,
खुंटी पिळल्याची किरकिर,
आणि मध्येच एक खोकला.
खोकला छातीतून आला तर स्पीकर उत्तम.
घशातून आला तर साधारण.
मग डोळे उघडून ते तीन ओळी लिहायचे
आणि त्या तीन ओळींवर
नाशिकपर्यंतची दुकानं माल मागवायची.
खोकला त्यांच्या आईचा होता
हे मला फार उशिरा कळलं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळी अंकाच्या अकरा हजार प्रती गेल्या.
इराण्याकडून मावा केक आले,
दुबाश वर येऊन बसला,
आणि कोणीतरी, बहुधा मीच, म्हणालो
की आता आपल्याला मरण नाही.

मागचं कव्हर एका कंपनीने वर्षभरासाठी घेतलं.
चार रंगांत.
त्यांच्या स्पीकरवर गुपचुपांनी एकच वाक्य लिहिलं :
'खोकला ऐकूच आला नाही.'
प्रूफ माझ्या टेबलावर होतं.
जाहिरातीच्या समेळांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे.
मी लाल पेनाने काढलं ते.
गुपचुपांनी पान उजेडात धरलं,
आणि सही केली.
आडनावाला जागले.

मग गुळगुळीत कागद. मग प्लॅस्टिकच्या वेष्टनात फुकट सीडी.
लोक सीडी ठेवायचे आणि अंक
न उघडताच रद्दीत द्यायचे.
शहाण्णव पानांची चौसष्ट, चौसष्टांची चाळीस.
गाणी खिशात गेली.
पत्रं थांबली; घुरघुर ऐकायला
गाणं थांबावं लागतं आधी,
आणि ते आता थांबतच नव्हतं.
मे-जून जोडअंक, मग मे-जून-जुलै.
सदराचं नाव
मासिकालाच लागलं.

शेवटच्या अंकात दिलगिरी चौकटीत होती.
आजीव वर्गणीदारांपैकी चौघांनी पैसे परत मागितले.
आजीव म्हणजे नक्की कोणाचा जीव,
ते पावतीवर लिहिलेलं नव्हतं.
टेप कुठे गेली माहीत नाही.
दुबाशच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.
गुपचुप गेले त्या दिवशी
मी स्मशानात उगाच कान देऊन उभा होतो.

परवा एक कार्ड आलं, तीन पत्ते खोडून चौथ्यावर.
अंबाजोगाईचे तेच ते, वय एक्याऐंशी :
सेट विकून सात वर्षं झाली,
तरी रात्री घुरघुर ऐकू येते. उपाय सुचवावा.
सवयीने लिहिलं, अर्थिंग तपासा.
खोडलं.
मग लिहिलं : मलाही येते.
मी पंखा लावून झोपतो.